कोसाडची पुस्तक-टेकणे

बडोद्याहून सुरतेकडे जाणाऱ्या, प्रत्येक स्थानकावर थांबणाऱ्या गाडीत बसले की किम, सायण, गोठणगाम ही स्थानके एकामागून एक मागे पडतात आणि उत्राणच्या अलीकडे कोसाड येते. जलद गाडीने जाणाऱ्यांना हे नाव धड वाचताही येत नाही. पाटी डोळ्यांपुढून सरकते न सरकते तोच तापीचा पूल येतो आणि मंडळी सामान ओढीत दाराशी गर्दी करू लागतात. पूर्वी या टप्प्यावर उत्राणच्या वीजकेंद्राचा ८५ मीटर उंचीचा मनोरा दिसे आणि लहान मुले ‘सुरत आली’ म्हणून ओरडत. मार्च २०२३ मध्ये तो सुरुंग लावून पाडण्यात आला. खरे म्हणजे सुरतच उत्तरेकडे चालत आली आहे. २००६ साली महानगरपालिकेची हद्द वाढली तेव्हा कोसाडही शहरात गणले जाऊ लागले.

जुने कोसाड अजून बरेचसे गावासारखे आहे. पण हल्ली कोसाड म्हटले की सुरतकरांच्या डोळ्यांपुढे येते ते ‘कोसाड आवास’. नेहरू नागरी पुनर्निर्माण योजनेतून गरीब कुटुंबांसाठी बांधलेल्या, एकमेकींसारख्या दिसणाऱ्या इमारतींच्या या रांगा आहेत. तापीकाठच्या झोपडवस्त्यांतून उठविलेली पुष्कळ कुटुंबे येथे आली. येथे वाडी नाही, आळी नाही, पेठ नाही. ‘एच’ या अक्षरापुढे आकडा लावला की झाला पत्ता. एका जिन्यात गुजराती, हिंदी, उडिया आणि मराठी अशा चार भाषांत मुलांना हाका मारलेल्या ऐकू येतात. त्यांतील मराठी हाक बहुधा खानदेशी वळणाची असते.

सुरत म्हटली की आपल्याला शाळेत पाठ केलेली १६६४ आणि १६७० ही दोनच साले आठवतात. या शहराशी आपले दुसरेही एक नाते आहे, आणि ते पुस्तकांचे आहे. १८३६ साली मराठीचे व्याकरण छापणारे दादोबा पांडुरंग पुढे शिक्षक म्हणून सुरतेस आले आणि १८४४ साली दुर्गाराम मेहताजींच्या जोडीने त्यांनी येथे मानवधर्म सभा काढली. पुढे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ताप्ती व्हॅली रेल्वे झाली, सुरत अमळनेर-भुसावळला जोडली गेली, आणि धुळे, नंदुरबार, जळगाव या भागांतील माणसे सुरतेच्या मागांवर कामास येऊ लागली. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत आज मराठी दुकानाच्या पाटीइतकीच सहज कानी पडते. महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. आम्हां बडोदेकरांना संस्थानी मराठीचा थोडा ताठा असतो, हे कबूल केले पाहिजे. पण सुरतेची मराठी आमच्यासारखी दरबाराच्या आश्रयाने आलेली नाही, ती तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून, डोक्यावर गाठोडे घेऊन आलेली आहे.

अशाच एका गाठोड्यातील पुस्तकांसाठी आम्हा उभयतांचे कोसाडला जाणे झाले. आमच्या परिचयाचे एक कुटुंब तेथे राहते. घरातील वडील माणूस पस्तीस वर्षे मागावर होते. दर महिन्याच्या पगारातून काही आणे, पुढे काही रुपये बाजूला काढून ते जुन्या बाजारातून मराठी पुस्तके घेत. ते गेल्याला आता काही वर्षे झाली. तापीकाठच्या घरात त्यांची पुस्तके दोन पेट्या भरून होती. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणाचे पाणी सुटले आणि निम्म्याहून अधिक सुरत पाण्याखाली गेली, तेव्हा खालच्या पेटीचा लगदा झाला. माळ्यावरची पेटी तेवढी राहिली. तीत एकतीस पुस्तके आणि थोडे दिवाळी अंक होते. कोसाडच्या दोन खोल्यांच्या घरात पेटीला जागा नव्हती म्हणून पुस्तके पलंगाखाली गोणीत गेली. एकदा हौसेने ती भिंतीवरच्या फळीवर मांडली, तर फळीला दोन्ही बाजूंना आडोसा नाही. रांग कलंडली आणि खालच्या दूरदर्शन संचावर कोसळली. असे दोनदा झाल्यावर घरच्या मुलाने आम्हाला निरोप पाठवला, ‘‘काका, बडोद्याच्या एखाद्या वाचनालयात देऊन टाका. येथे आता वाचणारे कोणी नाही.’’ आम्ही दोन रिकाम्या पिशव्या घेऊन निघालो.

पोहोचलो तेव्हा आजी घरी नव्हत्या. ‘‘आई मिस्त्रीकडे बसली आहे’’, असे सूनबाईंनी जरा हसून सांगितले. मिस्त्री म्हणजे सुतार. गुजरातेत राहून हा शब्द आपल्याही तोंडी बसला आहे. तळमजल्यावर, जिन्याशेजारच्या मोकळ्या जागेत, पत्र्याच्या आडोशाला त्यांचे काम चालते. मूळ गाव अमळनेर तालुक्यातले, वय साठीच्या पुढचे. आजी शेजारी उलट्या घातलेल्या डब्यावर बसल्या होत्या आणि ढलप्यांच्या ढिगात मिस्त्री पुस्तकांसाठी टेकणे करीत होते. दुकानदार यांना ‘बुकएंड’ म्हणतात. आजींनी त्यांची जोडी करायला सांगितली होती, स्वतःच्या पैशांनी आणि मुलाला न विचारता. आमच्या हातातील पिशव्यांकडे त्यांनी एकदा पाहिले आणि म्हणाल्या, ‘‘बसा. होऊ द्या हे आधी.’’

मग आम्ही बसलो, आणि बसलो ते दुपार कलेपर्यंत.

वस्तू साधी दिसते. सहा इंच उंच, पाच इंच रुंद, इंचभर जाड असा सागाचा ठोकळा आणि त्याच्या तळाला बसविलेला पाच इंच चौरस पत्रा. पत्र्याचा एक इंच ठोकळ्याखाली, उरलेले चार इंच बाहेर. रांगेच्या कडेची पुस्तके या चार इंचांवर उभी राहतात. आम्हाला वाटले होते की, पत्रा ठोकळ्याला वजन देण्यासाठी असेल. मिस्त्रींनी ठोकळा आमच्या हातात दिला. त्या मापाचा सागाचा तुकडा भरतो जेमतेम तीनशे ग्रॅम. अठरा गेजचा, म्हणजे सुमारे सव्वा मिलीमीटर जाडीचा तेवढा पत्रा भरतो दीडशे ग्रॅम. दोन्ही मिळून अर्धा किलोसुद्धा नाही. कललेल्या तीस पुस्तकांच्या रेट्यापुढे एवढ्याशा वजनाचा काय पाड! पण पत्र्यावर चार-पाच पुस्तके उभी केली की दीड-दोन किलोंचा भार त्याच्यावर पडतो. रांग ठोकळ्याला बाहेर ढकलू पाहते आणि त्याच रांगेतील कडेची पुस्तके पत्र्यावर पाय रोवून त्याला जागचा हलू देत नाहीत. ‘‘पुस्तकंच पुस्तकाला धरतात, भाऊसाहेब. मी फक्त मध्ये पत्रा सारतो’’, असे मिस्त्री म्हणाले आणि पुन्हा रंधा हातात घेतला.

नुसत्या पत्र्याचे, इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखे टेकण आपण सर्वांनीच वाचनालयांत पाहिले आहे. एकाच पत्र्यातून कापून वाकविलेल्या अशा टेकणाचे पेटंट विल्यम स्टेबिन्स बर्नार्ड या अमेरिकन गृहस्थांनी १८७० च्या दशकात घेतले होते. बडोदेकरांना या अमेरिकन ग्रंथालयविद्येचे अप्रूप वाटायचे कारण नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर वाचनालये काढली आणि पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव फिरविल्या. आमच्या सेंट्रल लायब्ररीतील पोलादी मांडण्या आणि काचेच्या फरशा तर प्रत्यक्ष अमेरिकेतील स्नीड कंपनीच्या. लोखंडाचे आणि पुस्तकांचे सख्य आम्ही लहानपणापासून पाहिलेले. तेव्हा आम्ही विचारले, नुसता पत्राच का नको? पाच मिनिटांत होईल.

यावर मिस्त्रींनी हातातले काम थांबविले. पत्र्याची उभी बाजू सुरीसारखी पातळ असते. पुस्तक परत ठेवताना घाईत ती दिसत नाही; पुस्तक तिच्यावर घुसते, पत्रा पानांच्या मध्ये शिरतो आणि पाने फाटतात किंवा चुरगळतात. लाकडाची इंचभर भिंत डोळ्यांना दिसते आणि हाताला लागते. नुसते लाकूड ठेवले तर ते सरकते, नुसता पत्रा ठेवला तर तो कापतो. म्हणून उभे ते लाकडाचे आणि आडवे ते लोखंडाचे. या माणसाने ग्रंथालयशास्त्राचे पुस्तक कधी पाहिले नसेल. पण वाचनालयातील कर्मचाऱ्यांनाही पातळ पत्र्याबद्दल हीच तक्रार करताना आम्ही ऐकले आहे.

साग कोठला, हे विचारायचे राहून जात होते. तो जुना होता. सुरतेच्या जुन्या भागांत आणि रांदेरला लाकडी घरे पाडली जातात, त्यांच्या चौकटी, तुळया, खांब वखारीत विकायला येतात. हा तुकडा एका चौकटीच्या बाजूचा. अशा लाकडाला प्रथम लोहचुंबक फिरवून खिळे शोधावे लागतात. आत मोडून राहिलेला एक खिळा रंध्याचे पाते खलास करतो. वरचा काळवंडलेला थर निघाला आणि आतून मधासारखा रंग वर आला, तेव्हा त्याचा ओळखीचा तेलकट वासही आला. सुरतेला सागाचे वेड फार जुने. लवजी नसरवानजी वाडिया हे येथलेच जहाजबांधणीचे कारागीर. १७३६ साली त्यांना मुंबईस नेले आणि मग त्यांच्या घराण्याने तेथे इंग्रजांच्या आरमारासाठी सागाची जहाजे बांधली. त्यांच्या गोदीतील १८१७ सालचे ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडात आजही तरंगते आहे. ओक लाकडातील आम्लाने खिळे गंजतात. सागात तेल असल्याने तो लोखंडाला सांभाळून घेतो. सुरतेच्या दमट हवेत लाकडाशी पत्रा जोडायचा तर याचा उपयोग टेकणासारख्या बारक्या कामातही होतोच.

लाकूड आणि धातू यांचा संसार सुरतेत याहूनही नाजूक हातांनी मांडलेला आहे, तो सादेलीच्या कामात. रंगीत लाकूड, शिंग, हस्तिदंत आणि कथिल यांच्या बारीक तिकोनी काड्या सरसाने जुळवून मोळी करायची आणि ती आडवी चिरत जायची. अळूवडीचा उंडा कापताना प्रत्येक चकतीवर तेच चक्र दिसते, तसे प्रत्येक कापावर तेच फूल उमटते. हे पातळ काप पेट्यांवर चिकटवीत. पारशी कारागिरांची ही कला; एकोणिसाव्या शतकात सुरतेच्या आणि मुंबईच्या अशा पेट्या विलायतेत हौसेने विकत घेतल्या जात, आणि त्यांत लेखनाच्या पेट्यांबरोबर टेबलावर पुस्तके उभी ठेवण्याच्या घडीच्या मांडण्याही असत. आज हस्तिदंत वर्ज्य झाले आणि कारागीर बोटांवर मोजण्याइतके उरले. मिस्त्रींनी सादेलीचे काम एकदा दुरून पाहिले आहे. ‘‘ते सोनाराचं काम. आपलं हे भाकरीचं’’, ते म्हणाले.

भाकरीच्या कामालाही रीत असते. ठोकळा कापताना त्यांनी लाकडाचे रेषे आडवे येतील असे धरले. आम्हाला उभे रेषे अधिक शोभले असते. पण रेषे उभे ठेवले तर तळाशी त्यांची टोके येतात आणि टोकांत शिरलेला स्क्रू पकड धरीत नाही, थोड्याच दिवसांत ढिला होऊन निघतो. आडव्या रेष्यांत तो घट्ट बसतो. दुसरे असे की, पावसाळ्यात लाकूड फुगते ते रेष्यांच्या आडव्या अंगाने. लांबीने फारसे नाही. रेषे पत्र्याच्या रुंदीला समांतर असले की ठोकळा फुगला तरी वर फुगतो, स्क्रूंना ओढ बसत नाही आणि लाकूड तडकत नाही. मग त्यांनी तळाला पत्र्याच्या जाडीइतकी उथळ खाच पटाशीने काढली. पत्रा तीत बसला की ठोकळा आणि पत्रा एका पातळीत येतात. नाहीतर ठोकळा डुगडुगतो. पत्र्याला तीन भोके, प्रत्येक भोकाचे तोंड बशीसारखे खोलगट, म्हणजे स्क्रूचे डोके आत बुडते आणि फळीवर ओरखडा उठत नाही. जुळणी झाल्यावर आतल्या कोनात गुण्या धरून पाहिला. दुसऱ्या ठोकळ्याच्या बाबतीत त्यांचे समाधान होईना. गुण्याच्या कडेतून उजेडाची रेघ दिसत होती. पुन्हा स्क्रू काढून त्यांनी तळावर रंध्याचे दोन हात फिरविले. ठोकळा बाहेर झुकलेला राहिला तर रांगही झुकते, आणि झुकलेली पुस्तके पाठीत मोडतात.

पत्र्याच्या कडा कानशीने मारून झाल्या होत्या, कोपरे गोल केले होते. रंग आदल्या आठवड्यातच देऊन ठेवला होता, आधी लाल अस्तर आणि त्यावर काळा. घाई केली तर ओला रंग पुस्तकाच्या बांधणीला चिकटतो, म्हणून आठ दिवस सुकविलेला. शेवटी पत्र्याच्या खाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटविला, कारण सनमायकाच्या फळीवर लोखंड घसरते. लाकडाला फक्त जवसाच्या तेलाचा हात. चकचकीत पॉलिश आजींनीच नको म्हटले.

वर घरात आलो तेव्हा मुलगा कामावरून परतला होता. टेकणांची जोडी पाहून तो क्षणभर काही बोलला नाही. त्याचाही दोष म्हणता येत नाही. दोन खोल्या, पाच माणसे, मुलाच्या अभ्यासाला कोपरा नाही. ‘‘ठेवली तर राहतील, पण आते कोन वाचस?’’ असे तो अहिराणीत आईला म्हणाला. आजींनी उत्तर दिले नाही. त्यांनी गोणी ओढली आणि एकेक पुस्तक फडक्याने पुसून मिस्त्रींच्या हाती द्यायला सुरुवात केली.

मांडण्याचे काम मिस्त्रींनी अंगावर घेतले. जड पुस्तके कडेला, पत्र्यावर, पातळ मध्ये. एका टोकाला ज्ञानेश्वरीची जाड प्रत आणि भारतकथेचे दोन खंड गेले, दुसऱ्या टोकाला एक जुना शब्दकोश. ‘श्यामची आई’ मध्ये आली. अमळनेरच्या शाळेत शिकवून गेलेल्या साने गुरुजींचे नाव घेताना मिस्त्रींनी हात कपाळाला लावला. बहिणाबाईंच्या गाण्यांचे पुस्तक सर्वांत चपटे, ते दोन कादंबऱ्यांच्या मध्ये जेमतेम दिसत होते. एकतीस पुस्तके अडीच फुटांत मावली.

घरचा नातू सातवीत, गुजराती माध्यमात. तो स्टुलावर चढून पाठीवरची नावे वाचू लागला. हिंदी हा विषय असल्यामुळे देवनागरी त्याला येते, ही गोष्ट गुजरातेतील मराठी आईबापांच्या सहसा ध्यानात येत नाही. एका चरित्रापाशी तो अडला. ‘लोकमान्य’ इतके वाचले आणि पुढच्या अक्षराकडे पाहत राहिला. गुजरातीतला ‘ळ’ त्याला ठाऊक, उच्चारही अचूक. पण देवनागरीतला ‘ळ’ त्याने हिंदीच्या पुस्तकात कधी पाहिलेला नव्हता. आम्ही सांगितले. ‘‘टिळक? म्हणजे तिलक?’’ त्याने विचारले, आणि पुस्तक रांगेतून उपसून काढले. रांग जागची हलली नाही. ज्या सुरतेत १९०७ च्या डिसेंबरात टिळकांच्या डोळ्यांदेखत काँग्रेस दुभंगली, ते प्रकरण या पुस्तकात असणार, हे आम्ही त्याला सांगितले तेव्हा त्याने प्रथम ‘सुरत’ हा शब्द शोधायला पाने उलटली. तो किती वाचील, कोण जाणे. तासाभराने आम्ही निघालो तेव्हा पुस्तक परत फळीवर गेलेले नव्हते, एवढे खरे.

दिवाळी अंकांचा प्रश्न उरला होता. अंगाने मऊ, कण्याला बांधणी नाही. उभे केले की वाकतात आणि शेजारच्या पुस्तकांना सैल करतात. आजींनी ते चौदा अंक स्वतः मोजून आमच्या पिशवीत घातले. ‘‘हे न्या. वाचनालयाला द्या. त्यांची नावं आतून लिहिलेली आहेत, ती खोडू नका’’, एवढेच म्हणाल्या. मुलाने पिशवी जिन्याखाली आणून दिली. दुसरी पिशवी घडी करून आम्ही खिशात ठेवली.

खाली मिस्त्री अवजारे गोळा करीत होते. आजींनी दिलेली मजुरी त्यांनी पुरी घेतली होती. तसे नसते तर आजींनाच ते आवडले नसते. आम्ही स्वतःसाठी एक जोडी सांगितली आणि माप विचारू लागलो, तर त्यांनी उलट विचारले, फळी लाकडाची की सनमायकाची, आणि कडेला उभे करायला जड पुस्तके आहेत ना? मग म्हणाले, श्रावण उलटू द्या. आता लाकूड कोरडे आहे. पावसाची हवा एकदा त्याला लागली म्हणजे खाच नेमकी किती खोल काढायची ते कळते. वरच्या जोडीचे स्क्रूही तेव्हाच पुन्हा एकदा आवळणार आहेत.